पानदेवाच्या चढावर

लोक गाडीची ताकद वाढवतात ती पळायला. आम्ही वाढवली ती थांबायला. हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की ‘फुंकणीची गोष्ट’ एवढं म्हणताच आमची मुलं एकेक करून पाणी प्यायला उठतात आणि परत येत नाहीत. म्हणून यंदा लिहूनच काढतो आहे. कागदाला तहान लागत नाही.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा झाला नव्हता. एटापल्लीच्या जंगलापासून पार वरोऱ्यापर्यंत सगळा चांदाच. मी नुकताच लग्न झालेला, आणि नागपूरला मोटार मेकॅनिकचं शिक्षण घेऊन आलेला. आईच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या मामाचा, एक ट्रक होता. एटापल्लीकडच्या जंगलातून बांबू आणि सागाच्या बल्ल्या, म्हणजे लांब वासे, भरायच्या आणि आलापल्लीच्या डेपोत नेऊन टाकायच्या, हा त्याचा धंदा. मामानं लग्न केलं नव्हतं. तो म्हणायचा, घरात एक इंजिन पुरे. त्यानं मला मोठ्या कौतुकानं धंद्यात घेतलं आणि काम दिलं ते असं, की गाडी चढावर थांबलीच तर खाली उडी मारून मागच्या चाकाखाली लाकडी गुटका सरकवायचा. नागपूरच्या शिक्षणात हा भाग नव्हता, तरी मी तो लवकर शिकलो.

ट्रक लढाईतला. लष्करानं मोडीत काढला, मामानं लिलावात घेतला. इंजिन पेट्रोलचं होतं. पण पेट्रोल चांद्याहून पिंपातून यायचं, आणि कधी यायचं हे पिंपालाच ठाऊक. जंगलात कोळसा मात्र हवा तेवढा. त्यामुळे मामानं गाडी कोळशाच्या गॅसवर केली होती. लढाईच्या दिवसांत अशा पुष्कळ गाड्या होत्या. केबिनच्या मागे, अंघोळीचं पाणी तापवायचा बंब असतो ना, तशी पण माणसापेक्षा उंच टाकी. तिच्यात कोळसा भरून खालून पेटवायचा, त्याचा गॅस गाळून पाइपानं इंजिनात न्यायचा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी आम्ही बंब पेटवून वारा घालत बसलेले असायचो. लोक विचारायचे, अंघोळ व्हायची आहे का अजून?

या गॅसात जोर कमी. म्हणून मामानं त्याच लिलावातून एक सुपरचार्जर आणला होता. लोखंडी पेटीत दोन जाडजूड रूळ एकमेकांना चाटून फिरतात आणि गॅस अन् हवा यांचं मिश्रण दाबानं इंजिनात ढकलतात. इंजिन आपण होऊन जेवढं ओढून घेईल त्याहून जास्त त्याच्या पोटात जातं, म्हणून जोर वाढतो. पट्टा इंजिनाच्या पुलीवरून याच्या पुलीवर. दाब किती, ते दाखवायला केबिनमध्ये एक काट्याचं घड्याळ. मामा ‘सुपरचार्जर’ हा शब्द आदरानं, सावकाश उच्चारायचा. माझ्या बायकोनं तो पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाली, “म्हंजे फुंकणीच ना.” तेव्हापासून ती फुंकणीच.

तर फुंकणी असूनसुद्धा एका चढावर आमची गाडी रडायची. जंगलातून आलापल्लीकडे येताना घाट चढावा लागे. घाट कसला, एक लांब उभा चढ आणि मध्ये एक वळण. त्या वळणावर दगडांची रास, आणि राशीवर वाळलेल्या अन् हिरव्या डहाळ्यांचा ढीग. हा पानदेव. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिथं थांबायचं, एक हिरवी डहाळी वाहायची, मग पुढं जायचं. चालता चालता भिरकावलेली चालत नाही. आमच्या भरणाऱ्या टोळीचा म्होरक्या त्याच भागातल्या गोंडांच्या गावचा पाटील होता. त्याला मी एकदा विचारलं, की गाडीतूनच टाकली तर? तो म्हणाला, “तुया दारात पाहुणा आला, अन् बाहेरूनच पोहे फेकून गेला, तं तुले कसं वाटंल?”

भरलेली गाडी त्या वळणावर थांबवता येत होती. थांबणं काय, सोपंच. पण एकदा थांबली की निघत नव्हती. म्हणून आमची रीत अशी, की टोळी चढाच्या पायथ्याशी उतरायची, नाल्याकाठच्या जांभळीच्या डहाळ्या तोडून घ्यायची आणि पायी चढायची. मामा न थांबता एका हातानं नमस्कार करत गाडी वर काढायचा. मी गुटका कडेवर घेऊन मागून धावायचो. पाटील वळणावर दोन डहाळ्या वाहायचा. एक स्वतःची, आणि दुसरी वाहताना म्हणायचा, “हे भाऊच्या गाडीचं.” भाऊ म्हणजे मामा. वरती पोचलं की सगळे पुन्हा मालावर चढून बसायचे. देव खूश, टोळी खूश. धाप फक्त मला.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर पाटलाचे गुडघे गेले. टोळीबरोबर तो गाडीपर्यंत यायचा, कोणता बांबू वर कोणता खाली ते सांगायचा, आणि झाडाखाली बसून राहायचा. घाटाकडे येणं बंद. त्याची एकुलती लेक घाटापलीकडच्या गावात दिलेली. दिवाळीनंतर तिला मुलगा झाल्याचा निरोप आला.

माझी बायको आमच्या मुक्कामाच्या कुडाच्या घरात नवीन होती तेव्हा याच म्हाताऱ्यानं तिला कोणती रानभाजी खायची आणि कोणती नुसती पाहायची हे शिकवलं होतं. तो यायचा ते चिंच नाहीतर चारोळी घेऊनच यायचा. ती त्याला बापासारखं बोलायची, म्हणजे रागवायचीसुद्धा.

“नातू झाला अन् पाहाले जात काऊन नाई?” तिनं विचारलं.

“पाय नाई चालत, बाई.”

“बैलगाडी?”

“कंबर चालत नाई.”

“मंग आमच्या गाडीत बसा. मामाजी तुमाले नाई म्हणतील काय?”

“बसतो ना. पण पेनापाशी उतरून पान वाहू द्या म्हना भाऊले.” पेन म्हणजे त्यांचा देव. “पेनाले न भेटता नातवाकडं जाऊ, तं पेन इचारंल ना, मी कोन होतो तुया?”

मामा दाराशी बसून ऐकत होता. तो म्हणाला, “पाटील, एका खेपेले अर्धाच माल भरतो. गाडी थांबंल बी अन् निघंल बी.”

“अर्ध्या मालाची मजुरी पोरं अर्धीच घेतील. माह्या गुडघ्यापायी त्यायनं काऊन उपाशी राहाव?” पाटील उठत म्हणाला, “राहू दे भाऊ. पोरगं चालाले लागंल तं थेच येईल मले पाहाले.”

तो गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. बायकोनं भात वाढला तो जरा आपटूनच. “एवढी मोठी फुंकणी लावली गाडीले,” ती म्हणाली, “अन् एका म्हाताऱ्यापुरता जोर नाई तिच्यात. चुलीत जाळ नसला तं आमी काय करतो? जोरानं फुंकतो.”

मामा हसला. मग हसायचा थांबला आणि भात कालवायचाही थांबला. मला ते लक्षण माहीत होतं.

मी ताबडतोब शिक्षण बाहेर काढलं. कोळशानं जमिनीवर आकृती काढली. फुंकणीची पुली लहान केली की फुंकणी जास्त फिरणार, जास्त फिरली की दाब जास्त. तेव्हा पुली निम्मी करून टाकावी. सारवलेल्या जमिनीवर मी दोन रेघा ओढून उत्तर अधोरेखित केलं.

“अन् इंजिन कुठी जाईल?” मामानं विचारलं.

“कुठे म्हणजे?”

“झाडावर जाईल. वरचं झाकण एका झाडावर, पिस्टन दुसऱ्या. मंग तू गुटका घेऊन कोणत्या झाडाखाली उभा राहशील तेवढं सांग.”

बायकोनं माझी आकृती दुसऱ्या दिवशी शेणानं सारवून टाकली. तेवढ्यापुरतं संशोधन संपलं.

मामा घुग्घुसला गेला. तिथं खाणीच्या आसऱ्यानं एकानं लेथ टाकलं होतं. त्याच्याकडून मामानं तीन पुल्या करून आणल्या, एकापेक्षा एक जराशीच लहान. मला वाटलं आता लावायची आणि चढायचं. पण मामानं त्या पुल्या खुंटीला टांगल्या आणि आधी इंजिन उघडलं. ज्याला जास्त खाऊ घालायचं त्याची आधी तब्येत पाहायची, असं त्याचं म्हणणं. रिंगा पाहिल्या. वरच्या झाकणाचं गॅस्केट नवं घातलं आणि त्याचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, सगळे सारखे आवळले. एक मला आवळू दिला. मी आवळलेला त्यानं पुन्हा पाहिला. रेडिएटरच्या पोटातला गाळ सोड्याच्या पाण्यानं काढला, कारण जोर वाढला की उष्णताही वाढणार. ठिणगी पडायची वेळ केसभर मागं घेतली.

मग झडप. फुंकणी आणि इंजिन यांच्या मधल्या पाइपावर त्यानं पितळेची एक झडप बसवली, स्प्रिंगनं दाबून धरलेली. दाब ठरलेल्या हद्दीच्या वर गेला, किंवा इंजिनानं उलटा भडका मारला, की ती उघडून गॅस बाहेर सोडेल. मामाचं मत होतं की जोर वाढवायच्या आधी त्याला पळून जायला दार ठेवावं. स्वतः मामाला असं दार नव्हतं. रागावला की तो दोन-दोन दिवस तापलेला राहायचा. बायकोनं एकदा झडपेकडे आणि मग मामाकडे पाहून माझ्याकडे डोळे केले. मी पान्हे पुसत राहिलो.

आणखी एक भीती होती. हा गॅस विषारी, आणि त्याला वास नाही. फुंकणीच्या पुढच्या पाइपात दाब असतो, तिथे बारीकशी फट जरी राहिली तरी गॅस बाहेर येतो. माणूस आधी डोकं धरून बसतो आणि मग बसूनच राहतो. आमच्या केबिनला दारं नव्हती ती याचसाठी, असं मामा सांगायचा. खरं म्हणजे दारं लिलावातच मिळाली नव्हती. तर सांधे तपासायचे कसे? बायकोनं रिठे भिजवून घमेलंभर फेस केला आणि इंजिन चालू असताना चिंधीनं प्रत्येक सांध्यावर फासला. जिथे बुडबुडा फुगला तिथे गळती. असे दोन सांधे सापडले. मामा खूश होऊन म्हणाला, “दिवाळीत भाच्याचं डोस्कं एवढं घासलं नाई, जेवढं पाइपाचं घासलं.”

पहिली पुली चढली. घड्याळाचा काटा थोडा सरकला. त्या पुलीवर मामानं कितीतरी खेपा मारल्या. आधी रिकामी गाडी, मग अर्धा माल, मग पूर्ण. प्रत्येक खेपेनंतर गाडी निवली की प्लग काढून त्यांचा रंग पाहायचा, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहायचं. बुडबुडे आले तर गॅस्केट फुटलं समजायचं. चढावर इंजिनातून खडखड ऐकू येते का म्हणून तो मान वाकडी करून गाडी हाकायचा. पाटील झाडाखालून हे सगळं पाहत होता. तो एवढंच म्हणाला, “तुया मामा गाडीले औषध देते का तिची परीक्षा घेते?”

मग दुसरी पुली, आणि तोच सगळा पाढा पुन्हा. या पुलीबरोबर मामानं एक कायदा केला. पूर्वी चढावर आम्ही जोरासाठी थोडं पेट्रोल सोडायचो. ते बंद. कोळशाचा गॅस सोशिक. जास्त दाब निमूट सहन करतो. पेट्रोल तसं नाही. ते एवढ्या दाबाखाली वेळेआधीच भडकून पिस्टन फोडेल. मामानं पेट्रोलची तोटी तारेनं बांधून टाकली. तारेला पिळे दिले ते असे, की कुणाला सोडवायची झाली तर पकड शोधण्यातच त्याची अक्कल परत यावी. हा ‘कुणाला’ म्हणजे कोण, हे त्यानं सांगितलं नाही.

शिमग्याच्या आधी, मोहाची फुलं पडायला लागली होती तेव्हा, मामा पाटलाला म्हणाला, “पाटील, उद्या चला. थांबतो तुमच्या पेनापाशी.”

पाटील धुतलेलं धोतर नेसून आला. सोबत नातवासाठी तिळाच्या तेलाची बाटली. बायकोनं लुगड्याच्या चौकड्या शिवून दुपटं केलं होतं. ते द्यायला तीही निघाली. मामा, पाटील आणि ती केबिनमध्ये, टोळी मालावर, मी मागे फळीवर गुटक्यासह. पायथ्याशी टोळी उतरून निघाली आणि त्यांनी पाटलाच्या हातात जांभळीच्या डहाळ्या दिल्या. मामानं बंब ढवळून जाळ चांगला धरला, काट्याकडे पाहिलं आणि गाडी चढाला लावली.

वळणावर मामानं ब्रेक दाबला. मी गुटका सरकवला, आणि त्या जागेवर आमची भरलेली गाडी पहिल्यांदाच आपण होऊन उभी राहिली. इंजिन संथ चालू होतं. बायकोनं हात दिला, पाटील उतरला. राशीपाशी तो बराच वेळ उभा होता. काय बोलला ते त्यांच्या बोलीत, मला कळलं नाही. मग एक डहाळी वाहिली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

“हे गाडीचं. आजवर तिच्या नावानं मी वाह्यलं. आज थे सोता आली, तं तिच्याच आंगाले लावून मंग पेनाले दे.”

आता गाडीच्या अंगाला म्हणजे कुठे? मी विचारात पडलो. चाकाला लावणं बरं दिसेना. शिकलेला माणूस. जिथून गाडी श्वास घेते ते तिचं तोंड, असा मी सिद्धांत मांडला. फुंकणीकडे हवा जाते त्या पाइपाच्या जाळीला मी डहाळी भक्तिभावानं टेकवली, नमस्कार केला आणि उरलेली राशीवर ठेवली. तिची पानं आधीपेक्षा कमी झाली होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पाटील चढून बसला. मामानं गियर टाकला, क्लच सोडला. गाडी गुटक्यावरून हातभर पुढं सरली, घुसमटली आणि मागे येऊन गुटक्यावर बसली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर इंजिन बंदच पडलं.

टोळीतली पोरं वरून खाली पाहत होती. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. पाटील शांतपणे म्हणाला, “राहू दे भाऊ. पेन भेटला. माल खाली उतरवू नको, मीच उतरतो. पोरं धरून नेतील मले खाली.”

खाली म्हणजे घरी. वर नातू होता.

“मामा, तोटी सोडू का?” मी म्हटलं. “थोडं पेट्रोल. एवढ्यापुरतंच.” पकड माझ्या हातात कशी आली मला माहीत नाही.

“पकड ठेव खाली.” मामाचा आवाज चढला नाही. “आज पिस्टन फुटला तं पाटील उद्या बी जाणार नाई अन् परवा बी. सकाळी गाडी चालत होती. आता चालत नाई. मधात काय बदललं ते पाहा.”

मामानं पट्टा दाबून पाहिला. झडप बोटानं उघडून पाहिली, तिची स्प्रिंग ठीक. मी बंबाचं झाकण पाहिलं, जाळ लालभडक. बायको उतरून रेडिएटरकडे गेली. सगळं जागच्या जागी. मामानं बंबाला वारा घालून इंजिन पुन्हा सुरू केलं आणि म्हणाला, “आता फुंकणीचा आवाज ऐक.” मी वाकलो, आणि वाकलो तेव्हाच मला दिसलं. जाळीवर जांभळीची चार-पाच जाड, चकचकीत पानं अशी चिकटून बसली होती, जणू पत्रावळीला टाचली आहेत. नव्या पुलीची ओढ एवढी जबर, की डहाळी टेकवताक्षणी तिनं पानं तोडून ओढून घेतली होती. हवेची वाटच बंद. हळू चालताना चालत होतं. जोर करायची वेळ आली की दम कोंडत होता.

मी पानं एकेक सोलून काढली. क्षणभर वाटलं, खिशात घालावी. पण मामा पाहत होता, बायको पाहत होती, आणि वरून सगळी टोळी.

“फुंकणीच्या तोंडात पान कोंबलं?” बायकोनं विचारलं. फक्त एवढंच विचारलं.

पाटलानं केबिनमधून हात पुढे केला. “दे इकडं.” त्यानं ती पानं पाहिली, हसला, आणि माझ्याजवळ परत दिली. “गाडीनं वाह्यलं होतं. तूच तिच्या तोंडातून काढून घेतलं. जा, पेनाले नेऊन दे.”

मी पानं राशीवर ठेवली आणि परत चाकापाशी आलो. मामानं क्लच सोडला. फुंकणीचा आवाज चढत गेला, झडप एकदा फस्स करून बोलली आणि मिटली. गाडी आधी थरथरली आणि मग, अगदी सावकाश, गुटक्यापासून सुटली. मी गुटका उचलून मागून धावलो, नेहमीसारखाच. फरक एवढा, की या वेळी केबिनमधून एक म्हातारा मान बाहेर काढून मला म्हणत होता, “पळ, जावई, पळ.”

लेकीच्या दारात पाटील गेला आणि तिनं त्याच्या मांडीवर मुलगा ठेवला. त्यानं तेलाची बाटली उघडली आणि मुलाचे पाय चोळायला सुरुवात केली, फक्त पाय, बराच वेळ. मामा ट्रकपाशी उभा राहून प्लगचा रंग पाहत होता. निदान तसं दाखवत होता.

मी मामाला म्हटलं, आता तिसरी पुली लावू या, गाडी आणखी पळेल. मामा म्हणाला, “कायले? थांबून निघता येते ना.” ती पुली कधी चढलीच नाही. ती आज आमच्या घरी लोणच्याच्या बरणीत फोडींवर दाब म्हणून आहे. दर उन्हाळ्यात बायको ती घासूनपुसून, फडक्यात बांधून ठेवते आणि मला बोलावून दाखवते, की पाहा, बराबर दाब.

पाटील लेकीकडे महिनाभर राहिला. आणायला गेलो तेव्हा लेक आणि नातूही माहेरी निघाले होते. गाडी रिकामी, वाट उताराची, सगळे आनंदात. वळण जवळ आलं तसा पाटील म्हणाला, “भाऊ, थांबव. पोराच्या हातानं वाहू.”

मामानं ब्रेक दाबला. इतके महिने आम्ही जोर वाढवण्यात घालवले होते. त्या सगळ्यात ब्रेककडे कुणीही पाहिलं नव्हतं. गाडी थांबली, पण पानदेवाच्या पुष्कळ पुढे. मी गुटका घेऊन उडी मारली आणि, जन्मात पहिल्यांदा, तो पुढच्या चाकाखाली सरकवला.

पाटलानं नातवाला लेकीकडून घेऊन माझ्या हातात दिलं. “माहे गुडघे नाई चढत. तू नेहमीच पळतं. ने याले.”

मी मुलाला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात जांभळीची डहाळी, आणि चढ चढून मागे गेलो. त्यानं पान आधी स्वतःच्या तोंडात घातलं. ते काढून घ्यायला मला बराच वेळ लागला.